प्रेमचंद रायचंदवर व्याख्यान द्यायचंय, दानशूर म्हणू की सट्टेबाज? सोलापूरकरांनो जरा मदत करा

वैशाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीत गणपतीत एक संध्याकाळ व्याख्यानाची असते, यंदा ती माझ्याकडे आलीय आणि विषय मी मागून घेतलाय, मुंबईचे प्रेमचंद रायचंद. कारण असं की आमच्याकडे आता कॉलेजची पोरं, पॉवरलूमवर जाणारी पोरं, इतकंच काय टॉवेलच्या कारखान्यातले मुनीमसुद्धा मोबाईलवर ऑप्शन, म्हणजे शेअरच्या भावावर पैज लावायचे सौदे, करतात. दुपारी साडेतीनला मार्केट बंद झालं की टपरीवर जाऊन बघा, एकाचं तोंड उतरलेलं असतं आणि दुसरा सगळ्यांच्या चहाचे पैसे देत असतो. त्यातलाच एक जण म्हणाला ताई, आपल्याकडचा पहिला बिग बुल, म्हणजे तेजीचा बादशहा, प्रेमचंद, त्याची गोष्ट सांगा की. घरी काकांना सांगितलं तर ते म्हणाले ज्या माणसाने मुंबईचं दिवाळं काढलं त्याच्यावर काय बोलणार तू.

माझ्याकडे ढोबळ माहिती आहे. जन्म १८३१, सूरत. मृत्यू १९०६, मुंबई. मधे कापसाची तेजी, १८६५ चा शेअर बाजाराचा बोजवारा, आणि फोर्टातला राजाबाई टॉवर, जो त्यांनी आईच्या नावाने बांधवला. पण नुसतं हे सांगितलं तर ऐकणारे जांभया देतील. मला तुमच्याकडून हवंय ते असं की १८६५ ला नेमकं झालं काय ते शेअर बाजार कळणाऱ्या आणि न कळणाऱ्या दोघांनाही समजेल असं कसं सांगू, आणि दुसरं म्हणजे सट्ट्याच्या पैशातून केलेल्या दानाकडे बघायचं कसं, कारण पोरं हेच विचारणार. आणि आपल्या सोलापूरशी कुठे धागा जुळतो का तेही सांगा, नाहीतर मुंबईची गोष्ट म्हणून सोडून देतील लोक.

बाळीवेसकर

ताई, विषय लय चांगला निवडलात. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे या माणसाविषयी मिळेल ते वाचत आलोय, जरा लांबण लागेल, गोड मानून घ्या.

वडील रायचंद दीपचंद, सूरतेचे जैन व्यापारी, धंद्यासाठी मुंबईत आले. पोरगं एल्फिन्स्टनमध्ये शिकलं आणि इंग्रजी लिहिता-वाचता-बोलता येणारा पहिला देशी दलाल असं त्यांचं नाव झालं. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल पण तेव्हा बँका साहेबाच्या, कंपन्या साहेबाच्या, कागदपत्रं सगळी इंग्रजीत, आणि देशी दलाल हाताच्या बोटावर मोजण्याइतके. १८४९ च्या सुमाराला रतनचंद लाला या दलालाच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली आणि थोड्याच वर्षांत स्वतःच्या जोरावर उभे राहिले. शेअर, सोनं-चांदी, कापूस, अफू, सगळ्यात हात.

मग १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेकडच्यांनी दक्षिणेची बंदरं अडवली, तिथला कापूस यायचा बंद झाला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या बसल्या आणि विलायतेला एकदम हिंदुस्थानचा कापूस आठवला. एरवी आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला तिथे कुणी विचारत नव्हतं. आता भाव दुप्पट, तिप्पट, त्याच्याही वर गेले. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस काढून विकला असं सांगतात. प्रेमचंदशेठची माणसं तर म्हणे विलायतेचं जहाज दिसायच्या आधीच होड्या घेऊन आत समुद्रात जायची आणि लिव्हरपूलच्या बाजारातला कापसाचा भाव धक्क्यावर फुटायच्या आत शेठच्या पेढीवर पोचवायची. बाकीचा बाजार दुपारी ज्या भावावर भांडणार तो यांना सकाळीच ठाऊक.

सोलापूरचा धागा इथेच सापडतो बघा. आपल्याकडे रेल्वे आली जून १८६० ला, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या जेमतेम वर्षभर आधी. पण खंडाळ्याच्या बोरघाटातला रेल्वेमार्ग तेव्हा पूर्ण झालेला नव्हता, तो सुरू झाला १८६३ ला. म्हणजे पहिली जवळजवळ तीन वर्षं या बाजूचा माल गाडीने खंडाळ्यापर्यंत जायचा, तिथे उतरवून बैलगाड्यांनी घाट उतरायचा आणि खाली परत रेल्वेत चढायचा. घाट झाला आणि मग आतला सगळा कापूस सरळ मुंबईच्या बंदरात. मुंबईत जो पैसा नाचत होता त्याचं मूळ आपल्यासारख्या काळ्या मातीत होतं हे तुमच्या व्याख्यानात आलंच पाहिजे.

आता बोजवारा. कापसाचा पैसा इतका आला की गुंतवायला जागाच उरली नाही, म्हणून कंपन्या निघायला लागल्या. बँका, विम्याच्या कंपन्या, जहाजांच्या, आणि सगळ्यात गाजली ती बॅकबे रेक्लमेशन, समुद्र हटवून जमीन काढणारी. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. अजून एक मुठ्ठी माती पडलेली नव्हती. नव्या कंपनीचे शेअर कुणाला किती द्यायचे हे बऱ्याचदा प्रेमचंदशेठच्या शब्दावर ठरायचं, त्यामुळे सकाळपासून त्यांच्या दारात रीघ, त्यात न्यायाधीश, वकील, डॉक्टर, सरकारी साहेब, कुणी सुटलं नाही.

आणि बँकवाला म्हणून मला जे सगळ्यात टोचतं ते आता सांगतो. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा हिस्सा असलेली बँक. तिला आधी शेअर तारण ठेवून कर्ज द्यायला मनाई होती. १८६३ च्या नव्या कायद्यात ते बंधन गेलं आणि बँकेने प्रेमचंदशेठ आणि त्यांनी ज्यांच्यासाठी शब्द टाकला त्यांना अशा कागदांवर भरमसाट कर्जं दिली. एप्रिल १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, कागद कोसळले, आणि तारणच उरलं नाही. या बँकेचा शेअर २८५० पर्यंत गेला होता, तो ८७ ला आला. १८६८ मध्ये बँक गुंडाळून त्याच नावाची नवी काढावी लागली, सरकारने चौकशी आयोग बसवला. ती नवी बँक १९२१ ला इंपीरियल बँकेत गेली आणि १९५५ ला तिची स्टेट बँक झाली, म्हणजे आपण ज्या पासबुकावर शिक्का मारून घेतो त्याच्या पूर्वजांची ही गोष्ट आहे.

स्वतः प्रेमचंदशेठही १८६६ ला बुडाले. पण ते मुंबई सोडून पळाले नाहीत, परत त्याच बाजारात उभे राहिले, आणि पुढे चाळीस वर्षं त्यांच्या शब्दाला मान राहिला. काकांना एवढं जरूर सांगा.

बार्शीचा_शेतकरी

बाळीवेसकर मालक, माहिती एक नंबर, पण शेवट मला पटला नाही. शेठ परत उभे राहिले हे खरं, कारण त्यांच्याकडे अक्कल होती, ओळखी होत्या, पत होती. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्यांचं काय झालं ते पण व्याख्यानात सांगा की ओ.

मुंबईचीच लोकसंख्या घ्या. १८६४ च्या मोजणीत ८,१६,५६२ माणसं आणि १८७२ च्या मोजणीत ६,४४,४०५. पावणेदोन लाख माणूस कमी. तेजीत कामधंद्याला आलेली माणसं काम संपल्यावर बोचकं बांधून गावी गेली, त्यांची नावं कुठल्या आयोगाने लिहून घेतली नाहीत.

आणि गावाकडं काय वाढून ठेवलं होतं? कापसाला भाव होता तेव्हा सावकार दारात येऊन पैसे देत होता, घे म्हणत होता. सरकारला वाटलं शेतकरी आता सुखात आहे, आणि १८६७ ला शेजारच्या इंदापूर तालुक्यात फेरपाहणी करून शेतसारा निम्म्याहून जास्त वाढवला, त्याच्यामागं बाकीचे तालुके. इकडं कापूस पडलेला, तिकडं सारा चढलेला, आणि मधे सावकार हात आखडून बसलेला. जमिनी गहाण पडल्या, कोर्टातून जप्त्या आल्या. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं ओढून काढून जाळली, आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यात पसरलं. माणसं मारली नाहीत बरं का शक्यतो, कागद जाळले. ज्या कागदानं जमीन जाते तोच कागद. वरून १८७६ चा दुष्काळ, त्यात सोलापूर जिल्हा पार होरपळला.

मी असं म्हणत नाही की हे सगळं एका माणसानं केलं. युद्ध त्यानं लावलं नव्हतं आणि सारा त्यानं वाढवला नव्हता. पण तेजीचा पैसा वर कुणाच्या घरी गेला आणि मंदीचा बोजा खाली कुणाच्या डोक्यावर आला हे दोन्ही एका दमात सांगा. आजपण आमच्या सोयाबीनचं तेच चाललंय, भाव ठरतो सातासमुद्रापलीकडं आणि पेरणी करायची आम्ही.

मेघना_कुलकर्णी_फोर्ट

मी मूळची सोलापूरची, सात रस्त्याजवळ माहेर, आणि मुंबई विद्यापीठात शिकताना राजाबाई टॉवरखालच्या त्या ग्रंथालयात बराच अभ्यास केलाय, म्हणून दानाच्या बाजूने थोडं लिहिते.

ताई, तारखा नीट लावून बघा. विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि नंतर मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख, हे दोन्ही १८६४ ला. म्हणजे तेजी ऐन भरात असताना. शेठ बुडाले १८६६ ला. टॉवरची पायाभरणी झाली १ मार्च १८६९ ला, काम पूर्ण झालं नोव्हेंबर १८७८ ला, एकूण खर्च साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे ज्याने पैसे दिले त्याचं दिवाळं निघाल्यानंतर तीन वर्षांनी इमारतीचा पहिला दगड बसलाय, आणि तरी ती उभी राहिली, कारण पैसे हातात होते तेव्हाच ते त्यांच्या हाताबाहेर गेले होते. आधी कमावतो, पुरेसं झालं की देईन, असं ते म्हणत बसले असते तर आज तिथे काहीच नसतं. तुमच्या ऑप्शनवाल्या पोरांना मी हेच सांगेन.

आता इमारतीबद्दल, कारण ऐकणाऱ्याला डोळ्यापुढे काहीतरी दिसलं पाहिजे. २८० फूट उंच, आराखडा विलायतेतल्या गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाचा, आणि गंमत म्हणजे हा स्कॉट मुंबईत कधी पायच ठेवून गेला नाही, तिकडून नकाशे पाठवले. पण वर नजर टाकलीत तर मनोऱ्याच्या अंगावर पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, आपापल्या पगड्या-पागोट्यांसकट, आणि ते घडवले मुकुंद रामचंद्र या आपल्या माणसाने. रस्त्यावरून चालणाऱ्या कुणाच्या ते लक्षातच येत नाही, मान पार मागे टाकावी लागते. आत गेलं की गोल जिना, वर लाकडी छताचं लांबलचक दालन, रंगीत काचांच्या खिडक्या, दुपारी उन्हं कलली की त्या काचांचा निळा-तांबडा उजेड उघड्या पुस्तकावर पडतो आणि हळूहळू टेबलावरून सरकत जातो. मी तिथे शिष्यवृत्तीवर शिकले, वडील मिलमध्ये होते. त्या खुर्चीवर बसायला मला कुणाची ओळख लागली नाही, चिठ्ठी लागली नाही.

आईची आख्यायिका पण सांगा, लोकांना आवडेल. राजाबाईंना दिसत नव्हतं, जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवण व्हायला हवं, म्हणून वेळ कळावी यासाठी मुलाने घंटेचा मनोरा बांधवला असं सांगतात. आख्यायिका म्हणूनच सांगा.

बार्शीच्या दादांचं म्हणणं मला मान्य आहे आणि मी ते अजिबात खोडत नाही. बँकेत लोकांचे पैसे होते आणि ते बुडाले. पण त्या तेजीत भरपूर पैसा कमावलेले बरेच लोक होते, त्यातल्या बहुतेकांच्या पैशाचा आज मागमूस नाही. यांनी मुलींच्या शाळेला दिले, अहमदाबादेत शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजला दिले, विद्यापीठाला दिले. घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यांनी कधी पाहिलं पण नसेल.

नवीपेठ_सबब्रोकर

१८६५ पोरांना कसं समजवायचं ते मी सांगतो, माझं रोजचं काम आहे हे.

आधी पार्टली पेड शेअर समजवा. तेव्हा कंपनीचा शेअर घेताना सगळे पैसे एकदम भरायचे नसत, थोडे भरायचे, बाकीचे कंपनी मागेल तेव्हा. त्यामुळे खिशात शंभर असलेला माणूस हजाराचा माल उचलायचा. मग तोच कागद बँकेत ठेवून कर्ज काढायचं आणि त्या कर्जातून दुसऱ्या कंपनीचा कागद घ्यायचा, आणि ती दुसरी कंपनी काय करते तर पहिल्या कंपनीच्या कागदावर लोकांना कर्ज देते. एकाच भिशीतले सगळे मेंबर एकमेकांकडून उसने घेऊन हप्ता भरतायत असं समजा. बाहेरून नवीन पैसा येतोय तोवर सगळे श्रीमंत. तो बाहेरचा पैसा म्हणजे कापूस, आणि कापूस थांबला.

त्याच्यावर वायदे. १ जुलै १८६५ ही तारीख धरून लोकांनी आधीच सौदे करून ठेवले होते, त्या दिवशी ठरलेल्या भावाने माल घेणार म्हणून. सौदा करताना भाव चढलेले होते, जुलै येईपर्यंत तळाला गेलेले. ज्याला घ्यायचं होतं त्याच्याकडे पैसे नाहीत, त्याने ज्याला द्यायचे होते त्याच्याकडेही नाहीत, तो पुढच्याला काय देणार. असं करत करत एका दिवसात अख्खा बाजार एकमेकांचा देणेकरी निघाला. ती एक्स्पायरीच होती, म्हणजे सौदे पुरे करायचा शेवटचा दिवस, पोरांना एक्स्पायरी म्हणा, झटकन कळेल.

आणि त्यात आजचा आकडा जोडा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ ला अभ्यास छापला, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे वायदे आणि ऑप्शन, करणाऱ्या एक कोटीपेक्षा जास्त साध्या लोकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. माझं पोट ब्रोकरेजवर आहे तरी सांगतो, कर्ज काढून किंवा घरातलं सोनं ठेवून ऑप्शन करायला येणाऱ्याला मी परत पाठवतो. एकाच्या आईच्या पाटल्या गेलेल्या मी बघितल्यात, चादरीच्या कारखान्यात राबून केलेल्या पाटल्या होत्या त्या. पोरगं त्यानंतर माझ्या ऑफिसच्या रस्त्याने येत नाही.

आपल्या काळातले नावाजलेले शेअर गुंतवणूकदार राकेश झुनझुनवालांचं पण विचारतील पोरं, तयारी ठेवा. १९८५ ला पाच हजारांनी सुरुवात, तेव्हा सेन्सेक्स दीडशेच्या आसपास, पहिला मोठा नफा टाटा टीमध्ये, ४३ ला घेऊन तीन महिन्यांत १४३. पण संपत्ती झाली ती टायटनसारखे शेअर वर्षानुवर्षं धरून ठेवल्याने. ऑगस्ट २०२२ ला बासष्टाव्या वर्षी गेले. त्यांनीही शिक्षणाला, कॅन्सरच्या मुलांच्या राहण्याच्या सोयीला, डोळ्यांच्या दवाखान्याला पैसा दिलाय.

अजून एक. बाजार बुडाल्यावर दलालांनी काय केलं हे कुणी सांगत नाही. ९ जुलै १८७५ ला मुंबईत ३१८ जणांनी मिळून नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन काढली, प्रवेश फी एक रुपया, तेच आजचं बीएसई, म्हणजे बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज, आणि उभारणाऱ्यांत प्रेमचंदशेठ पण होते. दहा वर्षांपूर्वी ज्या बाजाराला धरबंद नव्हता त्याला नियम लावायचं काम त्यातलेच लोक करत होते.

वैशाली_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. बार्शीच्या दादांचं सगळं घेणार, अगदी इंदापूर आणि सुप्यासकट, आणि ते टॉवरच्या आधी सांगणार म्हणजे टाळ्यांमध्ये वाहून जाणार नाही. पाटल्यांची गोष्ट पण घेऊ का दादा, कुणाचं नाव न घेता? आणि वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, १८८२ चा जन्म, त्यांच्या घरचापण कापसाचा आणि सावकारीचा धंदा होता, त्यांची तुलना केली तर चालेल का?

नवीपेठ_सबब्रोकर

घ्या ताई, पण पाटल्यांच्या जागी दुसरा दागिना सांगा, गाव लहान आहे, लोक ओळखतील.

बाळीवेसकर

वालचंदशेठ घ्या, पण तुलना करून कुणाला खाली-वर करू नका. दोघांचा काळ वेगळा. प्रेमचंदशेठच्या तरुणपणी मुंबईत कापडाच्या गिरण्या नुकत्या कुठे निघायला लागल्या होत्या, आपल्याकडे जुनी मिल सुरू झाली १८७७ ला. कापूस गाठी बांधून विलायतेला पाठवायचा आणि कापड तिकडून घ्यायचं, हाच तेव्हाचा धंदा. वालचंदशेठच्या वेळी जहाज कंपनी काढायची, विमानाचा कारखाना काढायचा अशी हिंमत करता येत होती, आणि त्यांनी ती केली, १९१९ ला सिंधिया आणि १९४० ला बंगलोरचा विमान कारखाना.

त्यापेक्षा कलकत्त्याचं सांगा, ते इकडे कुणालाच माहीत नसतं. प्रेमचंदशेठनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले होते, त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती निघाली. बंगालमध्ये तिचा इतका मान की विद्वान लोक नावापुढे पदवीसारखं पी. आर. एस. लिहायचे. आशुतोष मुखर्जींना मिळाली, पुढे जदुनाथ सरकारांना मिळाली. हे जदुनाथ सरकार म्हणजे औरंगजेबाच्या काळावर ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि शिवाजी महाराजांवरही ग्रंथ लिहिला ते इतिहासकार. सूरतेच्या दलालाचा मुंबईत कमावलेला पैसा कलकत्त्याच्या पोराला शिकवतो आणि ते पोरगं मोठं होऊन आपल्या महाराजांचा इतिहास लिहितं, आता बोला.

मेघना_कुलकर्णी_फोर्ट

हे मलाही नवीन आहे काका! ताई, कॉलनीची पोरं मुंबईला घेऊन जायचा विचार असेल तर कळवा. टॉवरवर चढायला देत नाहीत, पण ग्रंथालयाचं दालन बघायला विद्यापीठाकडे आधी विचारून ठेवा. २०१५ पर्यंत मोठी डागडुजी झाली, काचा साफ केल्यात, आणि २०१८ पासून ओव्हल मैदानाच्या आजूबाजूच्या इमारतींसोबत युनेस्कोच्या यादीत आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी पोचाल, उजेडाचं सांगितलं ते बघायचं तर दुपारी चारच्या सुमाराला जा.